शेंगदाण्याने ओळखलेली साखर

वडिलांचा गुळाचा व्यापार असल्यामुळे गोडाविषयी आमच्या घरात कोणाला कुतूहल उरले नव्हते. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरातून ते सकाळी कपाळाला विभूती लावून सौद्याला निघत आणि दुपारी परतत तेव्हा त्यांच्या बाह्यांना काकवीचा वास असे. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, पारखताना ते कोपरा मोडत, कणी बोटांत चुरडत, तुकडा उजेडात धरत, आणि जिभेवर ठेवला तरी खारटपणा किती आहे एवढेच बघत. गोडी गृहीत होती. नव्वदच्या दशकात शाळा-कॉलेज करताना मीही ती गृहीतच धरली. ग्लुकोजचे सूत्र पाढ्यासारखे पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि विसरून गेले.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी एका तासाला ही समजूत मोडली. तो तास दुपारी जेवणानंतर असे आणि झोपेसाठीच प्रसिद्ध होता. शिकवणारे सर पुढे माझे मार्गदर्शक झाले. त्यांनी फळ्यावर एक मोठे वर्तुळ काढले, ही पेशी म्हणाले, आणि वर्तुळाच्या बाहेरच्या कडेला खडूने झुडपे काढत सुटले. लहान, मोठी, फांद्या फुटलेली. सगळी कडा भरली तेव्हा त्यांनी सांगितले की ही सारी साखर आहे. पेशीच्या अंगावर प्रथिने असतात आणि त्या प्रथिनांवर शर्करेच्या अशा फांद्या असतात. बाहेरून येणाऱ्याला पेशीचा पहिला स्पर्श होतो तो या फांद्यांचा. आपला रक्तगट म्हणजे फांदीच्या टोकाला कोणती साखर आहे, एवढाच फरक. सर्दीतापाचा विषाणू आत शिरण्यापूर्वी आधी साखर चाचपून बघतो. मग त्यांनी ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज शेजारी शेजारी काढले. तेच अणू, तीच संख्या, तेच कडे. चौथ्या कार्बनवरचा एक गट एकात खाली, दुसऱ्यात वर. बाकी काहीही वेगळे नाही. आणि शरीर या दोघांत कधी गल्लत करत नाही.

माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगी मान खाली घालून झोपली होती. मी उरलेला तास तिच्या मानेकडे बघत बसले. ती मान, तिच्यावरची लव, कानामागचा तीळ, सगळ्यांवर ही अदृश्य झुडपे दाटीने उभी होती आणि त्यांतले एकही चुकीच्या जागी नव्हते. ज्या पदार्थाला आम्ही क्विंटलमध्ये ओळखत होतो, त्यात निसर्गाने लिहिण्याची सोय केलेली होती. घरी जाऊन मी वडिलांना हे सांगितले. ते म्हणाले, "एवढं शिकून शेवटी आमच्याच धंद्यात आलीस व्हय."

नव्या शतकाच्या सुरुवातीला पीएच.डी.साठी नाव नोंदवायची वेळ आली तेव्हा मी सरांना सांगितले की मला तसली एक फांदी स्वतः बनवायची आहे. अमिनो आम्लांची लांब साखळी तयार करायची आणि तिच्या प्रत्येक दुव्याला शर्करा टांगायची. म्हणजे पेशीच्या अंगावरच्या त्या झुडपांची मानवनिर्मित नक्कल. शर्करायुक्त पेप्टाइडांचा पॉलिमर. सरांनी ऐकून घेतले. त्यांचा स्वतःचा जन्म पृथक्करणात गेला होता: माती, पाणी, साबण, खते. असली साखळी आमच्या विभागात तोवर कोणी बनवलेली नव्हती. त्यांनी एक अट घातली आणि ती वर्षभराहून अधिक काळ माझ्या डोक्यावर टांगती राहिली. पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मी सिद्ध करून दाखवायचे की माझ्या साखळीवरची साखर जिवंत सृष्टीतल्या कशाला तरी ओळखू येते. नुसती बनली एवढे पुरणार नव्हते. दाखवता आले नाही, तर विषय बदलायचा आणि विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर काम करायचे.

"त्यात वाईट काही नाही," ते म्हणाले. "त्या विषयात आजवर कोणी नापास झालेलं नाही."

नेमके तेच मला नको होते. मला पदवी हवी होती हे खरे, पण ती त्या फळ्यावरच्या झुडपांवर हवी होती.

माझ्या शेजारच्या टेबलावर उचगावची एक मुलगी काम करत असे. ती माझ्या आधीची, प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यावर आलेली, आणि तोंडाने अतिशय फटकळ होती. आमच्याकडच्या मुली बोलताना सर्रास ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. तीही तशीच बोले आणि सरांसमोर आली की अर्ध्या वाक्यात सावरून घेई. माझा विषय ऐकल्यावर तिने माझ्या कामाचे नाव ‘पाक’ ठेवले. रोज सकाळी आल्या आल्या तिचा पहिला प्रश्न असे, "काय बाई, लागला काय तुझा पाक?"

पाक लागत नव्हता. या रसायनाची पद्धत दिसायला सोपी आहे. अमिनो आम्लाची दोन टोके एकमेकांना जोडून लहानसे कडे करायचे. हे कडे ताणलेले असते आणि उघडायला निमित्त शोधत असते. योग्य रेणूने त्याला डिवचले की ते उघडते, उघडलेले टोक शेजारचे कडे उघडते, ते त्याच्या शेजारचे, आणि असे करत साखळी वाढत जाते. अडचण एवढीच, की या कड्याला पाण्याचा रेणूसुद्धा योग्यच वाटतो. हवेतला दमटपणा लागला तरी ते उघडून बसते आणि साखळी सुरू होण्याआधी संपते. कोल्हापुरात पावसाळ्याचे महिने या रसायनाला वर्ज्य आहेत हे मला एक पावसाळा वाया घालवून कळले. त्या दिवसांत माझ्या फ्लास्कमध्ये सुयांसारख्या स्फटिकांऐवजी ओलसर पिठासारखा गोळा तयार होई आणि शेजारची म्हणे, "हे तर पिठलं झालं."

म्हणून मी उन्हाळ्याची वाट पाहिली. फाल्गुन संपता संपता हवा कोरडी झाली तेव्हा मी द्रावक कोरडे करायला घेतले. त्यात सोडियमचे तुकडे आणि एक पांढरे रसायन टाकून ते तासन्‌तास उकळत ठेवायचे असते. जोवर पाण्याचा अंश शिल्लक आहे तोवर रंग टिकत नाही. फ्लास्क मळकट पिवळा दिसत राहतो. शेवटचा अंश गेला की द्रावक निळे होते. हे मी पुस्तकात वाचले होते, पण निळे म्हणजे काय ते वाचून कळत नाही. आधी सोडियमच्या तुकड्याभोवती निळसर धूर उठल्यासारखे झाले, मग तो धूर पसरला, आणि बघता बघता सारा फ्लास्क इतका गडद निळा झाला की त्यामागची खिडकी दिसेनाशी झाली. एका पदार्थाची पूर्ण अनुपस्थिती डोळ्यांना दिसू शकते, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. पाणी नाही, याची ती खूण होती.

त्या कोरड्या द्रावकात कडी नीट बनली. पांढऱ्या, चकचकीत, एकमेकींना न चिकटणाऱ्या सुया. त्या विरघळवल्या, साखळी सुरू करणाऱ्या रसायनाचे थेंब घातले आणि फ्लास्ककडे बघत उभी राहिले. प्रत्येक कडे उघडताना कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बाहेर टाकते. सुरुवातीला काहीच झाले नाही. मग तळाशी एक बुडबुडा दिसला, काचेला धरून राहिला, सुटला आणि वर गेला. त्यामागून दुसरा. मग बारीक बुडबुड्यांची एक रांगच लागली. माझ्या डोळ्याला दिसणारा सर्वांत लहान बुडबुडा फुटेपर्यंत आत मोजता येणार नाहीत इतके दुवे जुळून गेलेले होते, आणि प्रत्येक दुवा मागच्या दुव्याच्याच टोकाला, न चुकता. मी त्यांना जोडत नव्हते. मी फक्त पाणी दूर ठेवले होते.

शेजारची उठून माझ्याजवळ आली. दोघी बघत राहिलो. ती नेहमीसारखे काही बोलेल म्हणून मी तयारीत होते, पण ती बुडबुडे मोजू लागली. मग म्हणाली, "मी हे आयुष्यात केलो नसतो. पण बघायला मिळालं, बरं झालं."

पुढचे महिने त्या साखळीला साखर टांगण्यात गेले. निवडलेल्या अमिनो आम्लाला बाजूला एक मोकळा हात असतो. त्या हातात मी दुधातल्या शर्करेपासून केलेला तुकडा दिला, असा, की त्याचे गॅलॅक्टोजचे टोक बाहेर लोंबते राहील. उरलेल्या रिकाम्या हातांची टोके झाकून टाकली. शेवटी पाणी उडवून हाती आले ते कापसासारखे पांढरे, हलके, फुंकरीने उडणारे काहीतरी. मी त्यातले थोडे लहानशा कुपीत घालून घरी नेले. वडिलांनी सवयीने कुपी उजेडात धरली.

"गोड लागतंय काय?"

असल्या वस्तू चाखत नाहीत, मी म्हणाले.

"मग साखरच हाय कशावरनं?"

ही थट्टा होती, पण सरांची अट काही वेगळी नव्हती. यंत्रांनी दिलेल्या आलेखांवरून साखर जोडली गेली आहे असे दिसत होते. ती कोणाला ओळखू येते का, हे आलेख सांगत नाहीत. त्यासाठी ओळखणारा लागतो.

सृष्टीत असे ओळखणारे आहेत. त्यांना लेक्टिन म्हणतात. ही प्रथिने असतात, आणि त्यांच्या अंगावर विशिष्ट साखर बसेल असे खळगे असतात. एका लेक्टिनला असे अनेक खळगे असल्यामुळे ते एका वेळी अनेक साखळ्यांना धरते, साखळ्या एकमेकींत गुंततात, आणि स्वच्छ द्रावण गढूळ होते. गढूळ झाले म्हणजे ओळखले. शुद्ध लेक्टिन परदेशातून मागवायचे तर प्रस्ताव, मंजुरी आणि प्रतीक्षा यांत दिवाळी निघून गेली असती. पण वाचताना मला आढळले की गॅलॅक्टोज ओळखणारे एक उत्तम लेक्टिन शेंगदाण्यात असते. मी ते वाक्य पुन्हा वाचले. ज्या मुलखात दाण्याचे कूट घातल्याशिवाय भाजीला भाजी म्हणत नाहीत, तिथल्या प्रत्येक डब्यात चौथ्या कार्बनवरचा गट वर आहे की खाली हे सांगू शकणारा रेणू भरलेला होता. मातीत वाढणाऱ्या शेंगेला या ज्ञानाचा उपयोग काय, हे तेव्हा कोणाला नक्की सांगता येत नव्हते.

वडिलांची थोरली बहीण कुरुंदवाडला राहत असे. तिला आम्ही आत्ती म्हणत असू. तिच्या शेतात भुईमूग होई. फोनवर ती आणि वडील कन्नडमध्ये बोलत आणि मी आले की दोघे मराठीत येत. मी तिला नीट समजावून सांगितले: दाणे कच्चे हवेत, अजिबात भाजू नकोस, आणि वरची तांबडी साल काढलेली हवी. साल नको होती कारण तिच्यातला तुरट अंश प्रथिनाला चिकटून ते खराब करतो. भाजायचे नव्हते कारण उष्णतेने लेक्टिन निकामी होते. दोन्ही कारणे मी सांगितली नाहीत. तिने एवढेच विचारले की परीक्षेला आता शेंगदाणेही लागतात का.

चार दिवसांत पिशवी आली, आमच्याकडे वस्तू येतात तशी: एसटीच्या कंडक्टरच्या हाती. स्टँडवर कुरुंदवाडची गाडी लागली आणि त्याने नाव न विचारता पिशवी माझ्या हातात ठेवली. आत पांढरेशुभ्र, एकसारखे, साल निघालेले दाणे होते, वर कागदात गुंडाळलेली धपाटी. इतके देखणे दाणे मी बाजारात पाहिले नव्हते.

मी ते कुटले, तेल काढून टाकले, मिठाच्या पाण्यात प्रथिन उतरवले, गाळले. प्रथिन आले का याची एक साधी परीक्षा असते. जांभळा रंग आला म्हणजे आले. माझ्याकडे जांभळा रंग आला. मग मी माझ्या साखळीचे द्रावण एका नळीत घेतले, त्यात हा अर्क घातला आणि उजेडात धरून बसले.

काही झाले नाही. नळी झऱ्यासारखी स्वच्छ राहिली. दुसऱ्या दिवशीही स्वच्छच.

मी प्रमाणे बदलली, मिठाचे पाणी बदलले, तापमान बदलले. स्वच्छ. मग संशय माझ्या साखळीवर आला. कदाचित साखर उलटी बसली असेल. कदाचित आत दुमडली गेली असेल, जिथे कोणाला तिला हात लावता येत नाही. कदाचित आलेख वाचण्यात मीच स्वतःची समजूत घालून घेतली असेल. साखळीचा नवा भाग करून सगळे पहिल्यापासून तपासले. गणपती गेले, दसरा जवळ आला. शेजारच्या मुलीने पाक हा शब्द वापरणे थांबवले, आणि तिच्या थट्टेपेक्षा ते थांबणे मला जास्त लागले.

सरांकडे गेले तेव्हा त्यांनी नळी पाहिली, आलेख पाहिले आणि चष्मा काढून पुसला. ते असे करत तेव्हा पुढचा प्रश्न अवघड असे.

"तुझी साखळी चुकली असं तू म्हणतेस. शेंगदाणा बरोबर आहे हे तुला कोणी सांगितलं?"

मी म्हणाले, पुस्तकाने.

"पुस्तकातल्या शेंगदाण्याने. तुझ्या नव्हे. दोन अज्ञात आहेत आणि समीकरण एक. आधी एकाची किंमत काढ." मग नळी परत देत म्हणाले, "दिवाळीची तारीख मात्र तीच."

दसरा झाल्यावर मी कुरुंदवाडला गेले. माझा हिशेब साधा होता: वेगळे दाणे घ्यायचे, ताजे, आणि तुलना करायची. भुईमूग उपटून झाला होता. आत्तीच्या अंगणात वेलांचे ढीग पडले होते आणि बायका बसून शेंगा तोडत होत्या. आधी तोडलेल्या शेंगा एका बाजूला उन्हात वाळत होत्या. आत्तीने मला चहा दिला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून मी वाळलेय असे जाहीर केले. मी इकडचे तिकडचे बोलत होते. मग सहज म्हणाले की मागचे दाणे फार स्वच्छ सोलले होते, कच्च्या दाण्याची साल इतकी निघते कशी?

"निघतीय की," ती म्हणाली. तिच्या आवाजात केलेल्या कामाचा अभिमान होता. "उकळतं पाणी घ्यायचं. त्यात दाणं टाकायचं, वर झाकण. पाणी निवलं की एकेक चिमटीत धरायचा, दाणा आपसूक पळतोय बाहेर. मग उन्हात घालायचं. एक तरी डाग दिसला तुला?"

मी कप खाली ठेवला.

"भाजू नको म्हणालीस, म्हणून भाजलं न्हाय," आत्ती म्हणाली. माझा चेहरा बघून तिचा आवाज खाली आला. "काय झालं गं?"

मला राग आला नाही. अंगावर काटा आला. लेक्टिनचा तो खळगा, ज्यात गॅलॅक्टोज बसते आणि ग्लुकोज बसत नाही, तो प्रथिनाच्या घडीवर उभा असतो. घडी मोडली की खळगा मोडला. आत्तीच्या पातेल्यात ती घडी उलगडून गेली होती, आणि तरीही दाणा तसाच पांढरा, तसाच टणक, तितक्याच वजनाचा राहिला होता. माझ्या परीक्षेत त्याने जांभळा रंगही इमानाने दिला होता. त्यातला एक अणू कमी झाला नव्हता. गेली होती ती फक्त ओळख. जे सारे ज्ञान त्या दाण्यात आहे असे मी म्हणत होते, ते कशात साठवले होते तर एका आकारात; आणि आकार मोडायला झाकलेले पातेले पुरले होते.

आत्तीला हे समजावणे भाग होते. अंड्याचे उदाहरण त्या शाकाहारी घरात देता आले नसते, म्हणून मी फाटलेल्या दुधाचे दिले. दूध फाटले की त्यातले काही कमी होत नाही, पण ते पुन्हा दूध होत नाही.

तिने विचारले, "म्हंजे माझ्या हातनं मेलं व्हय ते?"

मी म्हणाले, मेले नाही, उलगडले. आणि उलट बरेच झाले, कारण आता माझी साखळीच चुकली असे कोणी म्हणू शकत नाही. हे तिचे समाधान करण्यासाठी म्हटलेले वाक्य होते, पण बोलता बोलता ते खरे असल्याचे माझ्या लक्षात आले. अजून काहीही हरलेले नव्हते.

आत्ती उठली. वाळत घातलेल्या शेंगांतून तिने स्वतः एकेक हलवून, आत दाणा वाजतो का ऐकून, पिशवीभर निवडल्या. बायकांपैकी एकीने मदतीला हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला. पिशवीचे तोंड बांधताना म्हणाली, "आता ह्यास्नी पाणी दाखवायचं न्हाय."

परतीच्या गाडीत मी वेळ वाचवायला शेंगा फोडून दाणे डब्यात टाकू लागले. शेजारी बसलेला माणूस बराच वेळ बघत होता. "ताई," तो शेवटी म्हणाला, "एकबी दाणा तोंडात न्हाय. उपास हाय काय?" मी त्याला ओंजळभर शेंगा दिल्या. तो त्या खात, टरफले खिडकीबाहेर टाकत, मला भुईमुगाच्या भावाविषयी सांगत कोल्हापूरपर्यंत आला.

कच्च्या, कोरड्या दाण्याची साल हाताने काढणे हे काम कोणी का करत नाही ते मला दुसऱ्या दिवशी कळले. साल दाण्याला धरून बसते; नखाने खरवडावी लागते. शेजारची न बोलावता स्टूल ओढून बसली. दुपार होईपर्यंत आमच्या दोघींच्या बोटांची टोके तांबडी झाली होती.

"तुझ्या प्रबंधात माझ्या नखांचे आभार मानायचे," ती म्हणाली. "नाव घालू नकोस. नुसती नखं म्हण."

अर्क थंड जागेत उतरवला. या वेळी मी नळ्यांची रांग आखून मांडली, कारण दोन अज्ञातांचा धडा पक्का बसला होता. एका नळीत माझी साखळी आणि आत्तीच्या पहिल्या दाण्यांचा अर्क. एकीत साखर न लावलेली, नुसती टोके झाकलेली साखळी आणि नवा अर्क. एकीत माझी साखळी आणि नवा अर्क. सरांना बोलावले. दिवाळीची सुट्टी आठवड्यावर आली होती आणि विभाग अर्धा रिकामा झाला होता. ते आले, हात मागे बांधून उभे राहिले. शेजारची त्यांच्या मागे उभी होती.

मी तिसऱ्या नळीत अर्क घातला. क्षणभर काही दिसले नाही, आणि त्या क्षणात मी विहिरींच्या पाण्यावरचा सबंध प्रबंध मनात लिहून टाकला. मग अर्काचा थेंब जिथे खाली उतरत होता तिथे एक पांढरी रेघ उमटली. रेघ रुंदावली. पाण्यात दूध सांडावे तसा ढग पसरला आणि नळी गढूळ झाली. थोड्या वेळाने त्या ढगात बारीक कण तरंगू लागले आणि सावकाश तळाकडे निघाले. बाजूच्या दोन्ही नळ्यांतून पलीकडच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचता येत होते.

सर वाकले. त्यांचा चेहरा नळीच्या इतका जवळ गेला की श्वासाने काच धूसर झाली आणि त्यांनी ती अंगठ्याने पुसली.

"अजून एक राहिलं," मी म्हणाले. गढूळ द्रावण मी दोन नळ्यांत वाटले. एकीत ग्लुकोजचे पाणी घातले, एकीत गॅलॅक्टोजचे. दोन्ही द्रावणे सारखीच स्वच्छ, दोन्ही पांढऱ्या भुकट्यांपासून केलेली, आणि वडिलांच्या जिभेला दोन्ही गोडच लागली असती. पहिली नळी ढवळली. ती गढूळच राहिली. दुसरी ढवळली. ढग विरळ झाला. कण विरघळले. खालून वर, पडदा उचलावा तशी नळी निवळत गेली आणि अखेर इतकी स्वच्छ झाली की आत काही आहे असे वाटेना. शेंगदाण्याने माझ्या साखळीला सोडून सुट्या गॅलॅक्टोजला धरले होते. ग्लुकोजकडे त्याने पाहिलेही नव्हते. एक गट वर की खाली, एवढ्यावरून. मातीतून निघालेल्या एका दाण्याने.

सर सरळ उभे राहिले. त्यांच्या आयुष्यात त्यांनी किती नळ्या पाहिल्या असतील याचा हिशेब नाही. ते म्हणाले, "पुन्हा कर."

मी पुन्हा केले. ढग आला, ग्लुकोजने हलला नाही, गॅलॅक्टोजने गेला. त्यांनी स्वतःच्या हाताने तिसऱ्यांदा केले. घाईत दोन थेंब टेबलावर सांडले. मग त्यांनी विचारले की टोकाला गॅलॅक्टोजऐवजी ग्लुकोज लोंबेल अशी साखळी करता येईल का, आणि तिला ओळखणारे कोण आहे, आणि दोन्ही साखरा आलटून पालटून टांगल्या तर कोणाला काय दिसेल. ते इतक्या वेगाने विचारत होते की मी ते प्रश्न वहीत उतरवू लागले.

ते जरा थांबल्यावर मी विचारले, "सर, मग विषयाचं काय?"

"कसला विषय?" ते म्हणाले, आणि ती स्वच्छ नळी घेऊन खिडकीकडे गेले.